इलेक्शन ड्यूटीतून सूट

आमच्या तालुक्यात लढाई होत नाही, निवडणूक होते. पण ज्या घरात निवडणूक ड्यूटीचा आदेश येऊन पडतो, त्या घरातली तोंडं पाहिली तर माणसाला थेट सरहद्दीवर बोलावलंय असंच वाटावं. एरवी वर्गात टेबलावर छडी आपटणारे मास्तर आदेश हातात पडताच कंबर धरून चालायला लागतात. कोणाला चक्कर येते, कोणाच्या सासूचा मोतीबिंदू अचानक पिकतो. दोन दिवस अन् एक मुक्काम, एवढीच तर ड्यूटी. पण ती टाळायला आमचे लोक जेवढी अक्कल खर्च करतात तेवढी मुलं शिकवण्यात केली असती, तर अकोला जिल्हा कुठल्या कुठे गेला असता.

हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणत असे. मी मुख्याध्यापक माणूस. माझं अक्षर सुबक, आणि पुढे कॉम्प्युटरवर याद्या करायलाही मी इतरांच्या आधी शिकलो. त्यामुळे दर निवडणुकीला मला तहसील कचेरीत मदतीला बोलावत. शाळाशाळांतून कर्मचाऱ्यांची माहिती यायची, ती मी एकत्र करायचो. नाव, वय, हुद्दा, पगार, आणि शेवटचा रकाना शेरा. त्या शेऱ्याच्या रकान्यात ‘गरोदर’, ‘अपंग’, ‘दुर्धर आजार’ असं काही असलं की ते नाव ड्यूटीतून आपोआप वगळलं जाई. रस्त्यात मास्तर लोक मला वाकून नमस्कार करीत. मला वाटे, हा माझ्या शिस्तीचा मान आहे.

सूट कोणाला द्यायची हे पूर्वी बंद दाराआड ठरे. त्यामुळे गावात त्या कामावर कोणाचा काडीचा विश्वास नव्हता. ज्याला सूट मिळे त्याने कोणाला तरी चहा पाजला असणार, आणि ज्याला नाही मिळाली त्याने पाजला नसणार, एवढा साधा हिशोब. मागच्या निवडणुकीच्या वेळी मात्र नवीन साहेब आले. त्यांच्याकडे तक्रारींचा ढीग लागला, तेव्हा त्यांनी वैतागून तीन जणांची समिती नेमली. ग्रामीण रुग्णालयाच्या नव्या डॉक्टर मॅडम, उर्दू शाळेचे हेडमास्तर आणि मी. वर एक अट घातली: एकाला सोडायचं तर त्याच्या जागी दुसरा माणूस द्यायचा. म्हणजे एकाची दुवा घ्यायची आणि दुसऱ्याच्या शिव्या.

नावं जाहीर झाली त्या दिवशी मी पानठेल्यावर उभा होतो. मागे दोघं बोलत होते.

“पाह्यलं का? मांजरीले दुधाची राखण बसवलं.”

“अन् मांजर तं म्हणते, मी एकादशीवाली!”

दोघं खो खो हसले. मला फार वाईट वाटलं. उर्दू शाळेचे हेडमास्तर इतका सरळ माणूस, अन् लोक त्यांच्याबद्दल असं बोलतात! मी पान न खाताच निघालो.

हेडमास्तर साहेब खरोखरच सरळ होते. पांढरी टोपी, पांढरी दाढी आणि बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं उर्दू. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, “सर, दार लावून काम करू नका. बाहेर व्हरांड्यात खुर्च्या टाका. जो अर्ज येईन तो सगळ्यायसमोर वाचा. ज्याले आयकायचं त्याले आयकू द्या. लोकायले दिसलं पाह्यजे, बस.”

डॉक्टर मॅडम अमरावतीच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, “आजारपणाचे कागद मी आत एकटी बघेन. कोणाचं दुखणं चव्हाट्यावर वाचायचं नाही. बाकी सगळं बाहेर वाचा.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, मजा येईल.

आणि मजा आलीच. कचेरीच्या आवारातल्या कडुलिंबाखाली पन्नासेक माणसं जमली. पहिलाच अर्ज मी खणखणीत आवाजात वाचला: मतदानाच्या दिवशी माझ्या सख्ख्या मेव्हण्याचं लग्न आहे, तरी सूट मिळावी. मागून आवाज आला, “कोणता मेव्हणा? एकच तं हाये तुमाले! त्याच्या लग्नात मागच्या इलेक्शनले आमी जेवलो नं बाप्पा!” अर्जदाराने अर्ज माझ्या हातातून ओढून घेतला आणि घडी करून खिशात घातला. दुसरे एक गुरुजी डॉक्टर मॅडमच्या खोलीतून पाठ धरून बाहेर आले, तर त्यांचेच शेजारी म्हणाले, “काल तं सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढले!” गुरुजी तिथल्या तिथे सरळ झाले.

तिसऱ्या अर्जात म्हैस होती. एका गुरुजींची म्हैस नेमकी त्याच दोन दिवसांत विणार होती आणि घरी ते एकटेच होते. मी हसू दाबत होतो, पण हेडमास्तर साहेबांनी चष्मा पुसला आणि गंभीरपणे विचारलं, “कितवं वेत हाये?”

“पहिलंच हाये साहेब.”

“मंग भेव तं राहीनच.”

आवारात यावर जी चर्चा झाली तशी चर्चा मी ग्रामसभेतही ऐकलेली नाही. शेवटी त्या गुरुजींशी सात वर्षं बांधावरून बोलणं बंद असलेला त्यांचा भाऊबंद गर्दीतून पुढे आला आणि म्हणाला, “जाय तू ड्यूटीले. म्हशीपाशी मी बसतो.” गुरुजींनी आपला अर्ज मागे घेतला. मग म्हणाले, “सरकीची ढेप कोठीत हाये.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं आली. एकाने कोपऱ्यात भज्यांची गाडी लावली. ज्यांचा अर्ज नाही तेही नुसते ऐकायला येऊन बसले. अर्ज नामंजूर झाला तरी माणूस कुरकुरत नव्हता, कारण त्याच्या शेजाऱ्याचाही त्याच्या डोळ्यांदेखत नामंजूर झालेला असे. गावाचा कशावर तरी भरोसा बसतोय हे इतकं उघड दिसत होतं की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. घरी जाऊन मी बायकोला रोजचा वृत्तांत रंगवून सांगे. ती भाकरी थापता थापता ऐकून घेई आणि म्हणे, “चांगलं झालं बाप्पा.” यापलीकडे काही नाही.

माझी बायको प्राथमिक शिक्षिका. अठ्ठावीस वर्षांची नोकरी. अठ्ठावीस वर्षांत तिला एकदाही निवडणुकीची ड्यूटी लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती आवारात दिसली. तिच्या शाळेतली एक तरुण बाई सोबत होती, कडेवर सात महिन्यांचं बाळ. नवरा पुण्याला कामाला आणि घरी एक थकलेली सासू. या बाईचं नाव यादीत आलं होतं ते बाळ व्हायच्या आधीच्या माहितीवरून. बिचारी बोलायला घाबरत होती म्हणून माझी बायको सोबत आली होती. बाळाने भोकाड पसरून आपली बाजू आमच्यापुढे मांडलीच. सूट द्यायला कोणाचाच विरोध नव्हता. अडचण एकच, बदली माणूस. राखीव यादी संपली होती.

“तिच्या जागी कोण?” डॉक्टर मॅडमनी विचारलं.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात माझी बायको म्हणाली, “मी जातो नं.” आमच्याकडे बायाही ‘मी जातो’च म्हणतात. “माहं नाव लिहा. मले कधी लागलीच नाही ड्यूटी. एकदा तं पाहू द्या कशी राह्यते.”

लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या. मी मात्र घाईघाईने पुढचा अर्ज उचलला. आमचं आडनाव तालुक्यात दर चार घरांमागे एक सापडतं आणि डॉक्टर मॅडम गावात नवीन. त्यांना ही कोणाची कोण हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यांनी शांतपणे वगळलेल्या नावांची यादी काढली, त्यावरून बोट फिरवलं आणि थांबल्या.

“बाई, तुम्हाला नाही पाठवता येणार. तुम्ही इथे वगळलेल्यांत आहात. जरा आत या, आपण आतच बोलू.”

“आत कायले? इथंच सांगा.”

“आजाराचं आहे.”

“मले कोणता आजार? सांगा बिनधास, मले लपवाचं काही नाही.”

मॅडमनी नाइलाजाने वाचलं, “शेरा: दुर्धर आजार.”

माझी बायको पन्नाशी ओलांडलेली, पण पाण्याची भरलेली बादली दोन बोटांनी उचलून नेणारी. तिने स्वतःकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मले दुर्धर आजार हाये,” ती लोकांकडे वळून म्हणाली, “अन् मलेच मालूम नाही!”

एवढा हशा त्या आवारात पूर्वी कधी पिकला नसेल. हसता हसता लोक एकेक करून माझ्याकडे बघायला लागले. आणि तेव्हा, अगदी त्या क्षणी, मला पानठेल्यावरचं ते बोलणं कोणाबद्दल होतं ते कळलं. सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ठाऊक होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच होतो.

बायकोही माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

मला पळवाटा होत्या. ऑपरेटरची चूक, जुनी माहिती, काहीही म्हणता आलं असतं. तीन दिवस दुसऱ्यांच्या पळवाटा ऐकून मला त्या तोंडपाठ झाल्या होत्या. पण त्याच तीन दिवसांत मी हेही पाहिलं होतं की या लोकांपुढे खोटं एक मिनिट टिकत नाही. मी उभा राहिलो. 

“शेरा मी लिहिला,” मी म्हणालो. “दर इलेक्शनले मीच लिहितो. खोटा हाये. हिले माहीत नव्हतं. हिनं कधी मांगितलंही नाही. चूक पुरी माही हाये. मी समितीतून निंघतो.”

 भजी तळायचा आवाज तेवढा येत होता. मी चष्मा काढून खिशात घातला आणि खुर्चीवरून बाजूला झालो, तर हेडमास्तर साहेबांनी माझ्या सदऱ्याची बाही धरली.

“कोठी चालले? बसा.” मग लोकांकडे वळून ते म्हणाले, “बोला भाई, ह्या आदमीले बसू द्याचं का जाऊ द्याचं? आतापर्यंत तुमच्या अर्जायचा फैसला यानं केला. याचा तुमी करा.”

मागून तोच आवाज आला, मेव्हण्याच्या लग्नाची पोल खोलणारा. “बसू द्या! आता कुठं भरोसा बसला त्यायच्यावर!” पुन्हा हसू उसळलं, पण या वेळी त्यात ओलावा होता. मग एक मजेची गोष्ट घडली. कडेला बसलेले एक वयस्क गुरुजी उठले, टेबलापाशी आले आणि आपला मंजूर झालेला अर्ज मागून घेतला. “माहाही वापस द्या,” ते एवढंच म्हणाले. त्यांच्यामागे आणखी चौघं आले. त्यांच्या जागी दिलेली माणसं मोकळी झाली आणि राखीव यादी पाच मिनिटांत भरली. म्हणजे आता माझ्या बायकोने जायची गरजच उरली नव्हती. डॉक्टर मॅडमनी तिला तसं सांगितलंही.

“वा!” बायको म्हणाली. “मी तं जाणार. माहा आजार बरा झाला.”

आम्ही स्कूटरवर घरी निघालो. मी दोनदा आरशातून पाहिलं, दोन्ही वेळा ती रस्त्याकडे बघत होती. दारात उतरल्यावर तिने विचारलं, “काहून लिहिलं?”

मी सांगितलं. लग्नाच्या वर्षी मला ड्यूटी लागली होती, घाटाकडच्या एका गावात. शाळेच्या फरशीवर झोपलो, सकाळी बाहेर जायला आडोसा नव्हता. तेव्हाच ठरवलं की हिला असल्या ठिकाणी पाठवायचं नाही. ती ऐकत राहिली. ती तशी ऐकत राहिली की माझ्या तोंडून खरं निघतं, हा माझा जुना अनुभव आहे. “अन् दुसरं म्हंजे,” मी म्हणालो, “तू नसली का मले घर गमत नाही. दोन दिवस का होईना. एकट्याले घर खायाले उठते.”

ती दाराच्या चौकटीला टेकून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “भल्ले येडे आहा तुमी,” म्हणाली. मग तिने मुलीला फोन लावला. मुलगी अमरावतीला राजापेठेत शिकवणी वर्ग चालवते. सगळी हकीकत ऐकून तीही इतकी हसली की तिच्या वर्गातली मुलं म्हणे खिडकीतून डोकावायला लागली. “आई,” ती म्हणाली, “दुर्धर आजार खोटा नाही. तो तुह्या बाजूलेच बसला असंन, पाह्य.” मी फोनपासून लांब सरकलो.

आदेश आला तो केंद्राध्यक्षाचा. नोकरीच्या वर्षांमुळे एकदम वरचं पद, हाताखाली तीन कर्मचारी आणि एक पोलीस. पहिल्यांदा ती जरा घाबरली. मग तिने प्रशिक्षणाची पुस्तिका आणली आणि आमच्या स्वयंपाकघरात मतदान केंद्र उघडलं. साखरेचा डबा म्हणजे एक यंत्र, चहापत्तीचा डबा दुसरं. मी मतदार. मी मुद्दाम नाव चुकीचं सांगायचो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देत यायचो, मयत बापाच्या नावावर मत द्यायला बघायचो. तिने एकदाही मला आत घेतलं नाही. “ओळखपत्र?” असं ती ज्या आवाजात विचारे तो आवाज मी संसारात कधी ऐकला नव्हता. मला तो फार आवडला. खरं सांगतो, त्या आठवड्यात मी तिच्यावर नव्याने लुब्ध झालो.

मतदानाच्या आदल्या दिवशी कचेरीच्या मैदानातून बसेस सुटल्या. एरवी तिथे बायका नवऱ्यांना निरोप द्यायला येतात. मी डबा, टॉर्च आणि अंथरूण घेऊन त्या बायकांच्या रांगेत उभा होतो. बस हलली तेव्हा ती खिडकीतून दुसऱ्याच कोणाला तरी यादीतलं काहीतरी दाखवत होती. माझ्याकडे बघायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. मी तरी हात हलवला.

ते दोन दिवस कसे काढले ते सांगत नाही. त्यातलं सांगण्यासारखं एवढंच, की बाळाला कडेवर घेऊन ती तरुण बाई आमच्याकडे वांग्याची भाजी देऊन गेली.

मतदानानंतर यंत्रं जमा करायची रांग एवढी लांब होती की ती घरी आली ती चांगलं उजाडल्यावर. साडी चुरगळलेली, आवाज बसलेला, गळ्यात ओळखपत्र, आणि चेहरा असा की लग्नातही नव्हता. पाय धुवायच्या आधीच तिने सांगायला सुरुवात केली. सकाळी सहालाच रांग लागली होती. नव्वदीच्या एका म्हाताऱ्याला नातवाने पाठीवरून आणलं. दोन पक्षांच्या पोट्ट्यांनी दारात वाद घातला, तेव्हा तिने पट्टी टेबलावर आपटून “वर्गाबाहेर व्हा!” म्हटलं, अन् दोघंही गेले, कारण दोघंही कधीकाळी तिच्याच हाताखालून गेलेले निघाले. संध्याकाळी आकडे जुळवले, तर एका मताचाही फरक नाही. “एकाचाही नाही,” ती पुन्हा म्हणाली. गावच्या बायांनी जाताना तिची ओटी भरली.

मी सगळं ऐकलं. मग न राहवून विचारलं, “माह्यावर रागावली तं नाही नं?”

“राग तं तवाच गेला, तुमी सगळ्यायसमोर सांगतलं तवा.” तिने पाय पसरले, भिंतीला डोकं टेकलं. “पण एक सांगू? दर इलेक्शनले यादी लागे. शाळेतल्या सगळ्या बायायचे नावं येत. त्या रडत, कुरकुरत, पण जात. माहं नाव कधी नसे. मी कोणाले बोलली नाही. पण मले वाटे, वरच्या साहेबायले आपला भरोसा वाटत नसंन. आपल्यात काही कमी असंन.”

ती हे कुरकुरत म्हणाली नाही. थकलेल्या माणसाने सहज सांगावं तसं सांगितलं, आणि बसल्या जागीच झोपून गेली. मी उठून पंखा लावला. मग तिच्याजवळ खाली बसलो आणि बराच वेळ तिथून हललो नाही.